बाबांचा तक्ता

समजा, तुमच्या हातात कुणी काड्यापेटीएवढा कोरा चौकोन दिला आणि सांगितलं, यात 'तहान' काढून दाखवा. अक्षर एकही वापरायचं नाही. ज्याला दाखवायचंय त्याला वाचता येत नाही, बोलता येत नाही, आणि तुम्ही बोललात तरी त्यातलं निम्मंच त्याच्यापर्यंत पोचतं. काय काढाल? पेला? रिकामा की भरलेला? भरलेला काढला तर आत पाणी आहे हे कसं कळणार, पाण्याला रंग कुठंय? थेंब काढाल? थेंब म्हणजे पाणी, आणि थेंब म्हणजे डोळ्यांत घालायचं औषधही. बरं, तेही जमलं असं धरू. आता 'भीती वाटते' काढा. 'पंखा नको' काढा. 'पाठ खाजतेय, पण माझा हात पोचत नाही तिथं' हे काढा.

पट्टीला हे काम कुणी दिलेलं नव्हतं. ते तिच्या अंगावर येऊन पडलं होतं, आणि घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की हे तिलाच जमणार. डिझायनर आहे ना ती.

पट्टी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. शाळेत चित्रकलेच्या तासाला बाईंनी आवडतं फूल काढायला सांगितलं, तेव्हा तिनं पट्टी लावून काढलं होतं. काटकोनातल्या पाकळ्या, सरळसोट देठ. दादानं ते पाहिलं आणि "पट्टीनं फूल, पट्टीनं फूल" करत घर डोक्यावर घेतलं. नाव चिकटलं ते चिकटलंच. आता तिचे केस पिकायला लागले होते, दादाला दोन मुलं होती, तरी फोनवर तो अजून "हं, पट्टे, बोल" असंच म्हणायचा.

चित्र तिला कधीच जमलं नाही. ती शिकली टायपिंग. तिथून एका छापखान्यात मजकुराची मांडणी करायला लागली, तिथून औषधांची खोकी आणि पत्रकं बनवणाऱ्या कंपनीत. वीसेक वर्षं ती तिथंच होती. खोक्यावर डोस कुठं लिहायचा, म्हाताऱ्या माणसाची नजर आधी कुठं जाते, एकाच कंपनीची दोन औषधं एकाच खणात ठेवली तर अर्धवट झोपेत चुकीचं उचललं जाऊ नये म्हणून काय करायचं, हे तिचं काम. त्यात ती पक्की होती. छापून आलेल्या कागदावर तिनं नुसता अंगठा ठेवला तरी समास कमी आहे की जास्त, ते सांगायची.

पण लोकांना त्याचं काय? शेजारच्या काकू विचारायच्या, "तुमची मुलगी आर्टिस्ट ना? आमच्या नातवाचं चित्र काढून देईल का?"

आई लगेच म्हणायची, "तिला नका सांगू. ती मांजर काढते आणि बादली होते."

"मग तिथं पगार कशाचा घेते?"

हा प्रश्न पट्टीनं इतक्यांदा ऐकला होता की आधी ती चिडायची, मग समजावून सांगायची, आणि अलीकडे नुसती हसून विषय बदलायची. ऑफिसातही तेच. तिथं नव्यानं आलेला एकजण होता. त्याचा हात म्हणजे सोनं. मीटिंग चालू असताना साहेबांचं नाक असं काढायचा की कागद टेबलाखालून फिरायचा. सगळे त्याला रेघोट्या म्हणायचे. पट्टी त्याच्या कितीतरी आधीपासून काम करत होती, पण ग्राहक आले की साहेब त्याच्याकडे बोट दाखवायचे, "हे आमचे कलाकार." आणि तिच्याकडे वळून, "आणि या... आमच्या मॅडम."

तर असं सगळं चाललेलं असताना बाबांना झटका आला.

बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ऑपरेटर होते. उभी हयात मोटारींच्या आवाजात गेली. झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. राहिला तो एकच शब्द. चालू. पंप सुरू झाला की खालून ओरडून वर कळवायचे तो.

"बाबा, जेवण झालं?"

"चालू."

"दुखतंय का कुठं?"

"चालू, चालू."

"मी कोण, ओळखलंत?"

"चालू," असं म्हणून ते रडायला लागायचे.

बोलणं शिकवायला आठवड्यातून दोनदा एक मुलगी यायची. घरात तिला स्पीचवाली म्हणत. तिनंच सुचवलं, "ताई, एक चित्रांचा तक्ता बनवा. काय हवं त्यावर ते बोट ठेवतील. डावा हात चांगला आहे ना त्यांचा."

पट्टीनं तो तक्ता कुठलंही खोकं केलं नसेल एवढ्या निगुतीनं केला. चित्रं काढायचा प्रश्नच नव्हता. तिनं तयार चिन्हं घेतली, जगभर विमानतळांवर आणि दवाखान्यांत चालतात तसली. सगळ्यांची रेघ एकाच जाडीची केली. बोट थरथरतं म्हणून चौकोनांमध्ये मोकळी जागा सोडली. डोळ्याला त्रास नको म्हणून पांढऱ्याऐवजी पिवळसर कागद. जेवणाला चमचा, झोपेला पलंग, औषधाला गोळी. संडास-बाथरूमला अख्ख्या जगाला कळतं ते चिन्ह: माणूस, मध्ये उभी रेघ, बाई. आणि ही सगळ्यात तातडीची गरज म्हणून ते डावीकडे वरच्या कोपऱ्यात, डावा हात पहिला जातो तिथं.

"वा!" स्पीचवाली म्हणाली. "दुकानात विकायला ठेवा."

तक्ता चाललाही. म्हणजे सकाळी चालायचा. बाबा पेल्यावर बोट ठेवायचे, पाणी मिळायचं. गोळीवर ठेवायचे, गोळी मिळायची. घोळ व्हायचा दुपारी. जेवण उरकलं, आई आत जाऊन आडवी झाली, की बाबा तक्ता ओढायचे आणि वरच्या कोपऱ्यात बोट आपटायचे. माणूस, रेघ, बाई. "चालू! चालू!"

मग पट्टीनं आईला हाक मारायची, कारण एकटीला ते उचलले जात नसत. दोघींनी काखेत हात घालून उठवायचं, चाकाच्या खुर्चीत बसवायचं, बाथरूमच्या उंबऱ्यावरून खुर्ची उचलून आत घ्यायची, पुन्हा उठवायचं, बसवायचं. आणि बाबा तिथं बसून आईकडे बघत राहायचे. काही व्हायचं नाही. परत आणायचं. आई कंबरेवर हात ठेवून आत जायची, दार लोटायची. थोडा वेळ गेला की पुन्हा बोट. पुन्हा "चालू!"

"अहो, आत्ताच तर जाऊन आलात!" आई रडकुंडीला यायची. "माझी पाठ बघा जरा. माणूस आहे मी, क्रेन नाही!"

डॉक्टरांना दाखवलं. तपासण्या झाल्या. सगळं ठीक. पट्टीनं साहेबांना सांगून दुपारचं काम घरी आणायला सुरुवात केली होती, पण स्क्रीनवर दोन ओळी सरळ करते न करते तोवर हाक. तिच्या एका पत्रकात डोसचा आकडाच खाली घसरला. रेघोट्याच्या नजरेस आला म्हणून छापायचा वाचला. त्यानं तो स्वतःच वर सरकवला, आणि त्याचंच तिला जास्त लागलं.

तिनं त्यालाच गाठलं. "मला थोडी चित्रं काढून देशील? खरी. चिन्हं नकोत. संडास म्हणजे संडास दिसला पाहिजे."

"मॅडम, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे संडासाचं चित्र मागतंय," तो म्हणाला. पण चार दिवसांनी घेऊन आला. रंगीत. पेल्याच्या काचेवर उजेडाची तिरीप, उशीला डोकं ठेवल्यावर पडतो तसा खळगा. पट्टी बघतच राहिली.

बाबांनाही ती फार आवडली. एकेक चित्र मांडीवर घेऊन, अंगठ्यानं हळूच चाचपून बघितलं. डोळे भरून आले. संडासाचं चित्रसुद्धा त्यांनी तितक्याच प्रेमानं बघितलं. पण बोट कशावर ठेवलं नाही. लग्नाचा अल्बम बघावा तशी सगळी बघून झाली, आणि दुपारी पुन्हा जुना तक्ता, पुन्हा तोच कोपरा.

एका रविवारी दादा आला. आईचं मनगट मुरगळलं होतं. खुर्ची उंबऱ्यावर अडकली आणि सगळा भार हातावर आला होता.

"बास झालं आता," दादा म्हणाला. "मी त्या केंद्रात बोललोय. जागा आहे. माणसं आहेत उचलायला, रात्रंदिवस."

"त्यांना काय हवंय ते कळत नाहीये, एवढंच आहे रे," पट्टी म्हणाली.

"पट्टे, त्यांना काही नको आहे. डोकं राहिलं नाही त्यांचं. तुझ्या तक्त्यात खोट नाही, तू जिवापाड केलंस. पण बाबा आता कोपऱ्यात बोट ठेवतात, संपलं. उद्या त्या कोपऱ्यात हत्ती चिकटव, हत्तीवर ठेवतील."

"मग हत्तीवरून नेऊ संडासला," आई म्हणाली. पण तिलाही हसू आलं नाही. "मी नाही म्हणत नाही रे. माझ्यानं होत नाही आता." एवढं बोलून ती आत गेली आणि दार लोटून पडली.

"उद्या सकाळी त्यांना हो कळवतो," म्हणून दादा गेला. बाबा त्याच खोलीत होते. त्यांना किती कळलं, कोण जाणे. त्यांनी तक्ता ओढला आणि बोट ठेवलं.

पट्टी उठली नाही. तिच्यात त्राणच नव्हतं. ती पलंगाच्या कडेला बसली. शेजारी ऑफिसातून आणलेलं एक खोकं उलगडून पडलं होतं, आतली बाजू कोरी. पेन्सिल होती. तिला फक्त एवढंच विचारायचं होतं की बाबा, खरंच जायचंय का? म्हणून ती कमोड काढायला लागली. पट्टी न लावता, आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा. आधी बैठक काढली ती बटाट्यासारखी झाली. मग टाकी. मग नळी काढायला गेली ती भलतीकडेच फुटली.

बाबा वाकून बघत होते. त्यांनी चित्राकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडाची चांगली बाजू वर गेली. घशातून खुळखुळ आवाज आला. झटका आल्यापासून बाबा पहिल्यांदा हसले.

"हसा, हसा," पट्टी म्हणाली. "किटली झालीय, माहितेय मला."

त्या आवाजानं आई दार उघडून बाहेर आली. "काय झालं? कोण हसलं?"

"बाबा."

"आणि ही किटली कशाला काढलीस? चहा हवाय त्यांना?"

"आई, हा संडास आहे."

आई कपाळावर हात मारणार, तेवढ्यात बाबांनी ते चित्र डाव्या हातानं बाजूला सारलं. जोरात. नको. हे नको. आणि पुन्हा तक्त्यावर तेच बोट.

पट्टीनं त्या बोटाखालच्या चौकोनाकडे बघितलं. आजवर तिनं त्याकडे असं कधी बघितलंच नव्हतं. ते चिन्ह दिसलं की सरळ संडासच दिसायचा. तिथं संडास कुठं होता? टाकी नव्हती, भांडं नव्हतं. एक माणूस होता. एक बाई होती. मध्ये काहीतरी उभं होतं. बाबांचं सगळं आयुष्य पंपघरात गेलेलं, तिथल्या संडासाला पत्र्याचं दार होतं आणि दारावर काही नव्हतं.

तिनं खोक्याच्या कोऱ्या जागेवर एक माणूस काढला. गोल डोकं, काड्यांचे हातपाय. काढून थांबली.

बाबांनी डावा हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

"हे तुम्ही?"

"चालू."

तिनं शेजारी रेघ ओढली. ती जरा लांबच ओढली गेली, खोक्याच्या कडेपर्यंत. बाबांनी हात डोक्यामागं नेला आणि भिंतीवर बोटाच्या पेरांनी ठोकलं. टक, टक. हॉल आणि आतली खोली यांच्यामधली भिंत.

पट्टीच्या हाताला कंप सुटला. बाई काढताना झग्याचा त्रिकोण एका बाजूला कलला, त्यावर डोकं ठेवायला गेली तर ते पुढं आलं. सगळी बाईच वाकडी झाली. पाठीतून वाकलेली. ती खोडायला जाणार, तर बाबांनी तिचं मनगट धरलं. आणि मान वळवून आईकडे बघितलं.

आईनं पदर ओढावा तसा उगाचच खांद्यावर हात फिरवला आणि चित्र हातात घेतलं.

"ही मी?" ती म्हणाली. "माझी पाठ एवढी वाकलीय?"

"मला नीट काढता येत नाही गं, तुला माहितेय."

"थांब जरा." आई चित्र लांब धरून बघत होती. दवाखान्यातून बाबांना घरी आणलं तेव्हा हॉलमध्ये पलंग टाकला, सोफा हलवायला जागा नव्हती, आणि आईला झोप मिळाली पाहिजे म्हणून दादानंच तिची सोय आत केली होती. रात्री आणि दुपारी ती दार लोटून घ्यायची. "म्हणजे मी तिकडं झोपते म्हणून? एवढ्यासाठी? आणि आम्ही तुम्हाला उचलून उचलून..." ती बाबांच्या अंगावर खेकसली, "मग आधी सांगायचं ना!"

हे आपण कुणाला म्हणतोय, ते तिच्या लक्षात आलं. आधी पट्टीला हसू फुटलं, मग आईला. बाबा दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. "चालू," ते म्हणाले, जरा साशंकपणेच.

संध्याकाळी दादाला परत बोलावलं. चित्र बघून तो म्हणाला, "याच्यावरून तुम्हाला हे सगळं कळलं? मला तर वाटलं, ताडाचं झाड आणि तंबू." पण त्यानं सोफा आत ढकलला, आईची खाट बाहेर आणून बाबांच्या शेजारी लावली. कुरकुर करत लावली, खाटेचा पाय स्वतःच्या अंगठ्यावर पाडून घेतला, आणि जाताना केंद्राचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई हॉलमध्ये आडवी झाली. बाबांनी तक्ता ओढला नाही. दोघंही घोरत होती, वेगवेगळ्या तालात. पट्टीनं आतल्या खोलीत सोफ्यावर बसून एक अख्खं पत्रक संपवलं आणि मग, काम संपलं म्हणून नव्हे, अंगच उचलवेना म्हणून, बसल्या जागी डोळे मिटले.

स्पीचवाली आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती खूश झाली. चित्राचा फोटो काढला. मग पेन्सिल बोटांत फिरवायला लागली.

"ताई, एक बोलू? रागावू नका."

"बोल ना."

"या आजारात माणूस समोरच्याचा चेहरा बघूनसुद्धा हो म्हणतो. तुम्ही काढत होता, थांबत होता, त्यांच्याकडे बघत होता. तुमच्या मनात येईल तसं ते पुढं गेले, असंही असू शकतं. वरचा डावा कोपरा त्यांना सोयीचा आहे, हेही आहेच. आणि आता ते शांत आहेत ते आई जवळ आहेत म्हणून. मागत तेच होते की नाही, हे आपल्याला नाही सांगता येणार."

"पण भिंत त्यांनी ठोकली. मी नाही."

"हो. ते खरंय." ती हसली. "म्हणून म्हणते, काढत राहा. आता तक्ता राहू दे बाजूला. त्यांच्यासमोर काढा."

"मला चित्र येत नाही."

"दिसलं मला," स्पीचवाली म्हणाली.

तेव्हापासून पट्टी रोज काढते. ऑफिसातून फुकट गेलेली खोकी आणते, कोऱ्या बाजूला काढते. सुधारणा काही नाही. पंखा कोळ्यासारखा येतो, बाबा तो बघून हसतात आणि कधीकधी खरंच पंखा बंद करायचा असतो. कधी नसतो. पाठ कुठं खाजते ते अजून काढता आलेलं नाही. बाबा वैतागून तोंड फिरवतात आणि मग नुसतीच सगळी पाठ खाजवून द्यावी लागते. रेघोट्यानं विचारलं, "मॅडम, शिकवू का थोडं? दोन महिन्यांत हात बसेल तुमचा." ती हो म्हणणार होती. तोंडापर्यंत आलं होतं. मग म्हणाली, "बघू."

कारण तिला आधी एक गोष्ट कळायला हवी आहे, आणि ती ज्यांना विचारायची ते प्रत्येक प्रश्नाला चालू म्हणतात. त्या दुपारी हात थरथरला नसता, त्रिकोण सरळ आला असता, रेघोट्यानं काढली असती तशी नीटनेटकी, ताठ पाठीची बाई खोक्यावर उतरली असती, तर बाबांनी मान वळवून आईकडे बघितलं असतं का?